हजेरीची रिंग

इथले अनुभव मी बरेच दिवस गुपचूप वाचतेय आणि खरं सांगायचं तर अर्ध्याहून जास्त वाचून हसलेय. रागावू नका... माझा धंदाच तसा आहे. मी ऑफिसचं नेटवर्क सांभाळते. काही बंद पडलं की लोक म्हणतात, "मॅडम, आपोआप झालं", आणि मी जाऊन बघते तर झाडू मारताना कोणीतरी प्लग उपटलेला असतो. आपोआप काही होत नाही, यावर तर माझं पोट चालतं. कोणी सावली दिसली, संकेत मिळाला असलं काही सांगायला लागलं की मी तोंडावर म्हणायचे, "चल, फेकू नकोस."

तरी आज लिहितेय, कारण आमच्या अकाउंट्सचे गोरेकाका मागे लागलेत. "लिही गं, नाहीतर मी लिहीन आणि त्यात माझंच कौतुक जास्त असेल." नावं बदलली आहेत. बाकी सगळं जसं घडलं तसं.

आमचं ऑफिस मुलुंड पश्चिमेला, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, तळमजल्याला मागच्या बाजूला गोडाऊन. ज्यांना घरी ऑक्सिजन लागतो अशा पेशंटना आम्ही मशीन आणि सिलिंडर पुरवतो. कोणाच्या बिल्डिंगची लाइट जाते, कोणाचं मशीन अचानक बंद पडतं, मग घरचे आम्हाला फोन करतात आणि गोडाऊनमधून सिलिंडर घेऊन गाडी निघते. म्हणजे आमच्याकडे फोन लागला नाही तर कोणाची ऑर्डर बुडत नाही, कोणाचा तरी श्वास अडकतो. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

याच ऑफिसात माझी आई टेलिफोन ऑपरेटर होती. सावंतबाई. आमचं मूळ गाव मालवणच्या बाजूचं, बाबा गिरणीत होते, गिरणी बंद झाली आणि घर आईच्या या बोर्डावर चाललं. घाटकोपरहून रोज यायची, कडक इस्त्रीची साडी, आणि आवाज असा की पलीकडचा रडणारा माणूस दोन वाक्यांत पत्ता नीट सांगायला लागायचा. मला शाळेला सुट्टी असली की मी तिच्या शेजारी स्टुलावर बसायचे. माझ्या मैत्रिणींच्या आया कोणी बँकेत, कोणी शाळेत, पण मी ऐटीत सांगायचे, माझ्या आईने लाइन जोडल्याशिवाय शेठसुद्धा बोलू शकत नाहीत!

आईची एक पद्धत होती. सकाळी बाहेरच्या लाइनी उघडायच्या आधी ती ऑफिसातल्या प्रत्येक फोनला एक छोटी रिंग द्यायची. एकच. ज्याने त्याने उचलून फक्त "आहे" म्हणायचं. ही तिची हजेरी. माणसांची नव्हे हं, फोनची. क्रमही तिचा स्वतःचा होता: आधी शेठची केबिन, मग अकाउंट्स, मग सर्व्हिस, मग पॅन्ट्री, मग पुढचं काउंटर आणि शेवटी गोडाऊन. कोणी उचललं नाही तर ती पुन्हा रिंग देत बसायची नाही. उठून, चालत त्या टेबलापर्यंत जायची. तोपर्यंत बाहेरची एकही लाइन उघडायची नाही, मग शेठ ओरडोत नाहीतर नाचोत. मी एकदा वैतागून विचारलं होतं, एवढं काय त्यात? तर म्हणाली, "गो बाय, माणूस जाग्यार नसलो तरी चलात, पण फोन वाजाक व्हयो."

ती रिटायर झाली आणि हजेरी बंद पडली. नंतर दोन-चार वर्षांनी तिला पॅरालिसिसचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सुधारले, पण वाचा गेली. जिने आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली तिला "हं" आणि "नको" एवढंच उरलं. या गोष्टीचा मला आजही राग येतो. कोणावर काढायचा तेच कळत नाही.

आता माझ्या कामाकडे येते. मागच्या थंडीत जुना टेलिफोन बोर्ड अगदी मरायला टेकला. पार्ट मिळेनात. आमचे आताचे मालक जयेशभाई, म्हणजे जुन्या शेठचे चिरंजीव, बाहेरच्या कंपनीला बोलावून इंटरनेटवरचे फोन बसवायला निघाले होते. हे फोन टेलिफोनच्या तारेवर नाही, कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरच चालतात. मी म्हटलं, नेटवर्क माझं, फोनही मीच बसवणार.

"वैशालीबेन, हे तुमचं प्रिंटर जोडण्यासारखं नाही हां," जयेशभाई म्हणाले. "एक पेशंटचा फोन मिस झाला ना, तर मी कुठे तोंड दाखवू?"

"मिस झाला तर मी तोंड दाखवणार नाही. राजीनामा देईन," मी म्हटलं. बोलून बसले, मग काय!

लोकांना वाटतं फोन आणले, खोचले, झालं. अरे, कुठलं काय! छतावरच्या वायरी उंदरांनी अशा कुरतडल्या होत्या की इतके दिवस इंटरनेट चालत होतं हाच चमत्कार होता. सगळी नवी केबल ओढली. वायरीतूनच फोनला करंट देणारे स्विच बसवले, म्हणजे प्रत्येक टेबलाला वेगळा प्लग नको आणि लाइट गेली तरी सगळे फोन एकाच मोठ्या बॅटरीवर चालू. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट घेतलं, एक बिल्डिंगच्या पुढून, एक मागून, कारण आमच्या गल्लीत खोदकाम कधी थांबतच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवाजासाठी वेगळी लेन. ईमेल पाच सेकंद उशिरा आला तर कोणाचं बिघडत नाही, पण आवाज अर्धा सेकंद अडखळला की वाट लागली. पहिल्या टेस्टला गोरेकाकांना सांगितलं, तुमचा सगळा बॅकअप चढवायला लावा. मग मी गोडाऊनला फोन लावला. तिथले फोरमन शिंदेमामा पलीकडून बोलतायत आणि मला ऐकू येतंय, "वै... ता... सि... डर..." मग आवाजाची लेन वेगळी केली, तिला सगळ्यांच्या पुढे जायची मुभा दिली आणि पुन्हा तीच टेस्ट घेतली. शिंदेमामांच्या मागे कोणीतरी चहात साखर ढवळत होतं, तो चमचाही ऐकू आला! मी खुर्चीतच टाळी वाजवली. कोणी काही म्हणो, ते काम मी झकास केलंय आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

शनिवारी सगळे फोन तपासले. एक अन् एक. सोमवारी सकाळी जुना बोर्ड बंद करून नव्यावर जायचं ठरलं.

सोमवारी मी लवकर पोचले. स्विच ठेवलेल्या रॅकला हार घातला, हो, मीसुद्धा घालते, त्याने काही नुकसान होत नाही. स्क्रीनवर सगळे फोन हिरवे दिसत होते. शिंदेमामांनी खालून स्वतः फोन केला, "वैशूताई, फोन एकदम टकाटक! आवाज मस्त!" मी निश्चिंत झाले. हळूहळू सगळे आपापल्या जागेवर आले. जयेशभाई माझ्या मागे उभे होते, बाहेरच्या लाइनी चालू करायचं बटण तेवढं माझ्या हाताखाली होतं.

आणि जयेशभाईंच्या केबिनमधला फोन वाजला.

एकच रिंग... छोटी. बंद.

"कोणी केला?" जयेशभाईंनी विचारलं. मला वाटलं, कोणी बटणं दाबून बघतंय. तेवढ्यात अकाउंट्सचा वाजला. गोरेकाका आईच्या वेळचे, त्यांनी उचलला आणि मान वरही न करता म्हणाले, "आहे." मग स्वतःच दचकले. रिसीव्हर कानाला तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. मग सर्व्हिसचा. मग पॅन्ट्रीतला. मग पुढच्या काउंटरचा... प्रत्येकाला एकच रिंग, मध्ये तेवढीच उसंत.

 हा क्रम मला पाठ होता. नव्या सिस्टीममध्ये मी फोनना नवीन नंबर दिले होते, तिथे पॅन्ट्री सगळ्यात शेवटी आहे. केबिन, अकाउंट्स, सर्व्हिस, पॅन्ट्री, काउंटर हा क्रम त्या मशीनमध्ये कुठेच नाही. तो फक्त आईच्या डोक्यात होता आणि स्टुलावर बसून ऐकणाऱ्या माझ्या.

गोरेकाका उठून माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "वैशाली, पलीकडे कोणीच बोललं नाही गं. पण मी 'आहे' म्हटलं ते कोणीतरी ऐकून घेतलं. मग ठेवला."

"काका, प्लीज, आत्ता नको," मी म्हटलं. 

आता उरलं होतं गोडाऊन. मी थांबले. खालचा फोन वाजला तर काउंटरजवळच्या खिडकीतून ऐकू येतो, मी मुद्दामच त्याची रिंग सगळ्यात मोठी ठेवली होती. खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. काही नाही. खाली ट्रॉली ढकलल्याचा आवाज, कोणाचं तरी हसणं, पण फोनची रिंग नाही.

"चला, चला, लाइन सोडा," जयेशभाई म्हणाले. "सगळे हिरवे आहेत ना?"

"हिरवे आहेत," मी म्हटलं, "पण थांबा. मी खाली जाऊन येते."

"अरे, आत्ता शिंदेंनी स्वतः फोन केला! चालू आहे तो! वैशालीबेन, लोक फोन करतायत, आणि तुम्ही..."

"जयेशभाई, मी येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही."

शेठला असं बोलले मी.  खाली काही निघालं नसतं तर सगळ्या ऑफिससमोर माझा पोपट झाला असता, आणि राजीनाम्याचं मीच बोलून बसले होते. पण बोर्डावर आई बसलेली असती तर ती उठून गेलीच असती. मला दुसरं काही सुचलंच नाही.

खाली शिंदेमामा हसत पुढे आले, "या ताई, पेढा घ्या!" बघते तर काय... नव्या फोनला हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल, शेजारी फोडलेला नारळ. रविवारी गोडाऊनवाल्यांनी फोनची साग्रसंगीत पूजा घातली होती. मी दारातूनच वरच्या काउंटरच्या खिडकीकडे बघून ओरडले, या फोनवर कॉल करा. वरून उत्तर आलं, "लावलाय मॅडम, वाजतोय." मी फोनकडे बघत उभी. स्क्रीन चालू, वेळ बरोबर, नंबर बरोबर. आणि फोन मख्ख! वरच्याला पलीकडून रिंग ऐकू येत होती, इथे सुतकी शांतता.

"मामा, याची वायर कोणी काढली होती?"

शिंदेमामांचा चेहरा उतरला. "पूजेला पाटावर ठेवायला काढली होती, ताई. मग परत लावली ना. पेटेना, म्हणून खोक्यातला अॅडाप्टर काढून लावला. मग पेटला."

वायर लावली होती, पण माझ्या स्विचमध्ये नाही. ड्रायव्हर लोकांनी मॅच बघायला एक वाय-फायचा डबा आणून बसवला होता, ज्याबद्दल मला अर्थातच कोणी बोललं नव्हतं. वायर त्यात खोचलेली. त्या डब्यातून फोनला बाहेर कॉल करता येत होता, वरच्या सिस्टीमला तो जिवंतही दिसत होता. पण बाहेरून येणारा कॉल त्या डब्याशी येऊन अडायचा, आतला फोन कुठला ते त्याला कळायचंच नाही. म्हणजे पेशंटच्या घरच्यांना रिंग जातेय असं वाटलं असतं आणि शिंदेमामा शेजारी बसून पेढे खात राहिले असते. उचलत का नाहीत म्हणून ती माणसं पुन्हा पुन्हा लावत बसली असती... 

मी वायर काढली, माझ्या स्विचमध्ये लावली, अॅडाप्टर उपटला. फोन पुन्हा चालू झाला. वरून कॉल आला आणि तो असा खणखणीत वाजला की झेंडूचं फूल खाली पडलं. उचलून मी काय बोलले असेन? "आहे."

मग वर जाऊन मी बाहेरच्या लाइनी उघडल्या.

गोडाऊनला आलेला पहिलाच कॉल भांडुपहून होता. एका माणसाच्या वडिलांचं मशीन बंद पडलं होतं, बिल्डिंगची लाइट गेलेली, आणि घरातला जादा सिलिंडर संपत आला होता. शिंदेमामांनी दुसऱ्या रिंगला उचलला. गाडी निघाली आणि वेळेत पोचली. ते आजोबा आजही आहेत, मध्यंतरी त्यांचं मशीन सर्व्हिसला आलं तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले होते. मशीनच ते, त्यात बघण्यासारखं काय असणार? तरी गेले.

जयेशभाई दुपारी माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "तमे तो सावंतबाईच निकळ्या." एवढंच बोलून गेले. मी बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले.

आता यापुढचं ऐका. जागेवर आले तेव्हा मोबाइलवर घरून वहिनीचा मिस्ड कॉल दिसला. मी गोडाऊनला गेले तेव्हा मोबाइल टेबलावरच राहिला होता आणि कॉल नेमका तेव्हाचा. उलट फोन केला तर वहिनी रडतेय. मला वाटलं, आईला काही झालं.

"वैशू, आई बोलल्या गं!"

सकाळी नाश्ता झाल्यावर आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. बसल्या बसल्या टेबलावर बोट दाबायला लागली. एकदा दाबायचं, थांबायचं, मान हलवायची. पुन्हा दाबायचं, थांबायचं. वहिनीला वाटलं, हात थरथरतोय. मग एकदा बोट दाबून ती नुसतीच थांबली. मान हलवली नाही. कपाळाला आठ्या आल्या, खुर्चीतून उठायला बघायला लागली. वहिनीने धरून बसवलं, तर तिच्याकडे बघून स्पष्ट म्हणाली, "गोडावन उचलना नाय."

झटका आल्यापासूनचं तिचं पहिलं पूर्ण वाक्य. तेवढंच. पुढे पुन्हा "हं" आणि "नको".

नव्या फोनचं काम मी घरी बोलायचे, नाही असं नाही. पण सोमवारी काय होणार आहे ते आईला कळलं होतं का, किती कळलं होतं, मला सांगता येणार नाही. आणि गोडाऊनचा फोन वाजत नाहीये, हे तर त्या क्षणी मुलुंडमध्येही कोणाला माहीत नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा ती दाराकडे बघत बसली होती. मी चप्पलही न काढता तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आये, गोडावनान उचल्ल्यान गो." मी एरवी मालवणी बोलत नाही, जमतही नाही नीट. तिने मान हलवली आणि वहिनीला हाताने जेवायला वाढायची खूण केली. नाश्त्यानंतर दिवसभर तिने घास घेतला नव्हता, असं वहिनी म्हणाली.

मी माझ्या परीने सगळं तपासलंय. सिस्टीममध्ये प्रत्येक कॉलची नोंद असते. शिंदेमामांचा कॉल आहे, माझे टेस्ट कॉल आहेत, त्या सकाळच्या रिंगांचा मागमूस नाही. जाणकार म्हणतील, इंटरनेटवरून असे खोटे कॉल येतात, त्याला भुताचे कॉलच म्हणतात. येतात, मला माहीत आहे. पण माझे फोन बाहेरून कोणाला दिसतच नाहीत, ती सोय मी पहिल्या दिवशी केली होती. आणि समजा कोणी घुसलाच, तर त्या उपटसुंभाला आईचा क्रम कोणी सांगितला? ज्यांनी हे फोन विकले त्यांच्या इंजिनियरलाही विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, कधीकधी होतं असं आपोआप." हेच वाक्य ऐकायचं बाकी होतं!  कोणाकडे उत्तर असेल तर खाली लिहा, मी वाचेन, आणि या वेळी हसणार नाही.

मी दोन गोष्टी केल्या. गोडाऊनने नाही उचलला तर कॉल वर वळतो, ही सोय लगेच टाकली. आणि हजेरी पुन्हा सुरू केली. मशीनला शिकवलं तर तेही देईल, पण मी स्वतः देते, एकेक रिंग, आईच्याच क्रमाने. केबिन, अकाउंट्स, सर्व्हिस, पॅन्ट्री, काउंटर, गोडाऊन. गोडाऊननंतर आता आणखी एक फोन आहे. ऑफिसच्याच नेटवर्कला जोडलेला, पण घाटकोपरला आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलेला. जयेशभाईंना विचारून लावलाय, लेन तीच, आवाजाची. पहिले काही आठवडे ती उचलायची आणि नुसता श्वास ऐकू यायचा. मी घाई करायचे नाही. सगळं ऑफिस थांबायचं, जयेशभाईसुद्धा. मग एके दिवशी रिंग दिली, तिने उचलला, आणि पलीकडून तोच जुना, लाइनवरचा आवाज आला, जरासा अडखळत.

"आसय."

आता रोज म्हणते. मग मी लाइनी उघडते.